ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ

(अहिल्यानगर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या जिल्ह्यात गाईच्या कासेला दिवसातून दोनदा हात लागतो. संगमनेर, राहाता, राहुरीकडच्या गोठ्यांत पहाटे धार काढायला बसलेल्या बाईला कोणता सड आज गरम लागतोय, कास कोणत्या अंगाला कडक झाली आहे, दुधात गुठळ्या येताहेत का, हे दिवा न लावताही कळते. कासदाहाला गावोगावी ‘दगडी’ म्हणतात. बोटांना दगडासारखे लागले, म्हणून दगडी. आजाराचे नावच स्पर्शाने ठेवलेले. त्याच गोठ्याच्या दाराशी, धारेच्या आवाजाने जागी झालेली मनी पायांभोवती शेपूट गुंडाळून बसलेली असते. तिच्या पोटालाही स्तनग्रंथी आहेत, दोन ओळींत चार-चार, एकूण आठ. तिथे मात्र जन्मात कुणाचा हात जात नाही.

मांजरीला स्तनाचा कॅन्सर होतो, हेच अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडते. तो होतो, आणि दुर्मीळही नाही. मांजरांना होणाऱ्या गाठींत त्वचेच्या आणि लसिका संस्थेच्या गाठींनंतर तिसरा क्रमांक याच गाठींचा लागतो. कुत्रीच्या स्तनात आलेल्या गाठींपैकी साधारण निम्म्या निरुपद्रवी निघतात. मांजरीत मात्र शंभरातल्या ऐंशी ते नव्वद गाठी घातक असतात. बहुतेक वेळा मांजर दहा-बारा वर्षांचे झाल्यावर हा आजार दिसतो. सयामी जातीत धोका जवळपास दुप्पट आणि वयही कमी. क्वचित बोक्यालाही होतो. म्हणून या विषयात पहिला नियम असा: म्हाताऱ्या होत चाललेल्या मांजरीच्या स्तनांच्या ओळीत गाठ लागली, तर ती साधी असल्याचे सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच समजायची.

मांजराकडे कुणाचे लक्ष नसते, याला कागदोपत्री पुरावा आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरे, घोडे, गाढवे, उंट तर मोजले गेलेच. कुत्री, ससे आणि हत्तीसुद्धा मोजले. मांजर त्या यादीत नाही. ज्वारीच्या पोत्यांवर रात्रभर पहारा देणारा हा प्राणी किती घरांत आहे, याचा आकडाच नाही. गावातला पशुवैद्यकीय दवाखाना, तालुक्याचे लघुचिकित्सालय, जिल्ह्याचे सर्वचिकित्सालय ही सगळी साखळी गाय, बैल, शेळी डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. दुधावर जगणाऱ्या जिल्ह्यात ते योग्यच होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय घडवली, त्या गाईने अनेकांचे संसार उभे केले. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही.

अडचण सवयीची आहे. गाईच्या कासेत कॅन्सर फारच क्वचित होतो. तिथे कास कडक झाली म्हणजे जंतुसंसर्ग, आणि जंतुसंसर्ग म्हणजे प्रतिजैविक, हे समीकरण बरोबर ठरते. तेच समीकरण मांजरीला लावले की घोटाळा होतो. दहा वर्षांच्या, पिल्ले नसलेल्या मांजरीच्या पोटाला गाठ दिसते. पाच दिवस गोळ्या दिल्या जातात. गाठीवरची कातडी फुटून चिघळलेली असेल तर औषधाने ती जखम थोडी सुकते, सूज उतरल्यासारखी वाटते, घरचे समाधानाचा श्वास टाकतात. आतली गाठ तशीच असते. मग पुन्हा पाच दिवस, मग हळद, मग कुणी सांगितलेली पावडर. असे दोन महिने निघून जातात, आणि मांजरीच्या आयुष्यात दोन महिने हा फार मोठा काळ आहे.

मांजरीलाही स्तनदाह होतो, पण तो अंगावर पिणारी पिल्ले असताना किंवा नुकतीच तुटल्यावर. तेव्हा ग्रंथी लाल, गरम आणि ठणकणारी असते, मांजरीला ताप असतो, दूध पिवळट किंवा रक्ताळलेले येते, पिल्ले उपाशी राहून ओरडतात. यातले काहीच नसताना ग्रंथी कडक लागत असेल, तर ती दगडी नव्हे.

आता हात कसा फिरवायचा, ते नीट पाहू. मांजर पोटभर जेवून सुस्तावलेले असावे. त्याला मांडीवर आपल्याकडे पाठ करून बसवावे. बुजरे असेल तर जुन्या टॉवेलात सैल गुंडाळून पुढचे पाय वर घ्यावेत. सुरुवात काखेपासून. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कातडी हलकेच उचलायची आणि चिमूट सरकवत जांघेपर्यंत न्यायची, आधी एक ओळ, मग दुसरी. दाबायचे नाही, तांदूळ निवडताना खडा जसा बोटांना आपोआप सापडतो, तसे होऊ द्यायचे. स्तनाग्रे मऊ असतात आणि ओळीत असतात, दोन-तीनदा हात फिरला की त्यांची ओळख होते. गाठ वेगळीच लागते. कातडीखाली ज्वारीचा दाणा अडकला आहे असे वाटते: टणक, कडा थोड्या खडबडीत. ती बोटाखाली सरकते की खालच्या मांसाला चिकटलेली आहे, हे पाहावे. दुसरी दिसते का तेही शोधावे, कारण मांजरीत अनेकदा एकाहून जास्त गाठी असतात. स्तनाग्रातून तपकिरी किंवा रक्तासारखा स्राव, एकाच जागी सतत चाटून उडालेले केस, लालसर चट्टा, हीही लक्षणेच. शेवटी काख आणि जांघ चाचपावी. पुढच्या ग्रंथींची लसिका बहुतांशी काखेतल्या लसिकाग्रंथींकडे वाहते आणि मागच्या ग्रंथींची जांघेतल्यांकडे. आजार पसरू लागला तर पहिले ठाणे तिथेच पडते.

महिन्यातून एकदा, पाच मिनिटे. एवढेच.

घरच्या अडाणी हाताला हे जमेल का, असा प्रश्न कुणी विचारला, तर त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दुष्काळी तालुका, डॉक्टर नाहीत, रस्ते नाहीत. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, अनेक जणी दलित वस्तीतल्या होत्या. त्यांना बाळाचे वजन घ्यायला, बाळंतपण सांभाळायला, क्षयाचा खोकला आणि कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखायला शिकवले. कातडीचा रंग उतरलेला आहे, तिथे स्पर्श कळत नाही, ही तपासणी ती बाई आपल्या ओसरीवर करू लागली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले आरोग्य कार्यकर्ते जामखेडला शिकायला येऊ लागले. निदानाची पहिली पायरी दवाखान्यात नसते, ती घराच्या उंबऱ्यावर असते, हे नगर जिल्ह्याने जगाला पन्नास वर्षांपूर्वी दाखवले.

कॅन्सरच्या बाबतीतही महाराष्ट्रात याचा पडताळा घेतला गेला आहे. बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. त्या भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल गावोगाव माहिती दिली गेली, तेव्हा निव्वळ त्या माहितीमुळे बायका आधीच्या टप्प्यावर तपासणीला येऊ लागल्या, असे तिथल्या नोंदींत दिसले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक महिलांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: अशा तपासणीने आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या महिलांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, नुसता शिकवलेला हात. अर्थात बाईच्या बाबतीत निष्पन्न झालेले सगळेच मांजरीला जसेच्या तसे लागू करता येत नाही. पण बाईसारखीच मांजरही दुखणे अंगावर काढते. ते लपवणे हा तिचा स्वभावच आहे. तिने सांगावे म्हणून वाट पाहणाऱ्याला उशीरच होणार.

उशीर म्हणजे किती, ते सेंटीमीटरमध्ये सांगता येते, आणि या आजारात दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसले, की शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ २ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर मांजरी साधारणपणे तीन वर्षांहून जास्त जगतात. २ ते ३ सेंटीमीटरच्या गाठीत सुमारे दोन वर्षे. ३ सेंटीमीटरच्या पुढे गेली की सहा महिने. खिशातली नाणी काढून पाहावीत. एक रुपयाच्या नव्या नाण्याचा व्यास २० मिलिमीटर आहे, दहा रुपयांच्या नाण्याचा २७. गाठ रुपयाखाली झाकली जाते तोवर मांजरीपुढे वर्षे आहेत. दहाच्या नाण्याबाहेर डोकावू लागली, की उरलेला काळ महिन्यांत मोजायचा. म्हणूनच ‘थोडी वाट पाहू, वाढते का बघू’ हा सल्ला, तो कुणीही दिलेला असो, मांजरीच्या बाबतीत स्वीकारू नये. वाढते का हे पाहण्यातच ती दोन सेंटीमीटरची रेघ ओलांडली जाते.

दवाखान्यात पुढे काय व्हायला हवे, तेही पालकांना माहीत असावे. आधी डॉक्टर गाठी मोजतात: किती, कोणत्या ग्रंथीत, प्रत्येकीचे माप काय. हे कागदावर लिहून घ्यावे. मग सुईची तपासणी. बारीक सुई गाठीत घालून, सिरिंजने किंचित ओढून, आत आलेला थेंबभर नमुना काचपट्टीवर पसरतात, सुकवतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रक्ताच्या नमुन्याइतकेच त्यात दुखते, भूल लागत नाही. मांजरी बहुधा निमूट बसतात. पट्टीवर पेशींचे एकमेकांवर चढलेले पुंजके, लहानमोठी केंद्रके, मध्येच विभाजन चाललेली पेशी असे काही दिसले, तर संशय पक्का होतो. नुसत्या पूपेशी दिसल्या तर मात्र लगेच निर्धास्त होऊ नये. चिघळलेल्या गाठीतून पू येतो, आणि कॅन्सर त्याच्या आड बसलेला असू शकतो. सुईच्या तपासणीला तिच्या मर्यादा आहेत. ती मांजरीच्या पोटावरची गाठ चरबीची आहे, कातडीची आहे की स्तनाची, हे चांगले सांगते. स्तनाचा कॅन्सर किती आक्रमक आहे, हे सांगू शकत नाही.

ते सांगते बायोप्सी. काढलेला तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनच्या द्रावात घालून प्रयोगशाळेत पाठवायचा असतो, द्राव तुकड्याच्या दहापट. आणि बाटली रुंद तोंडाची हवी. ही बारीकशी गोष्ट वाटते, पण अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ तुकडा कसाबसा कोंबला, तर फॉर्मेलिनमध्ये तो टणक होतो आणि पलीकडे बाटली फोडल्याशिवाय निघत नाही. मांजरीला इतका त्रास देऊन मिळवलेला तुकडा अशा कारणाने वाया जाऊ नये. विकृतितज्ज्ञ त्यावरून गाठीचा प्रकार आणि श्रेणी ठरवतात, रक्तवाहिन्यांत आणि लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का पाहतात, आणि कापलेल्या कडा स्वच्छ आहेत की नाहीत हे कळवतात. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, साताऱ्यात शिरवळला आहे. नगरच्या डॉक्टरांना नमुना पाठवायला वाट नाही असे नाही.

छातीचा एक्स-रे शस्त्रक्रियेच्या आधीच काढायचा, नंतर नव्हे. हा कॅन्सर फुप्फुसांकडे धाव घेतो, कधी छातीत पाणी साठते. एकच चित्र पुरत नाही; उजवी कूस, डावी कूस आणि पाठीवर झोपवून, अशी तीन लागतात. मांजर ज्या कुशीवर झोपलेले असते त्या बाजूचे फुप्फुस दबते आणि तिथली बारीक गाठ दिसेनाशी होते, म्हणून कूस बदलायची. छाती स्वच्छ निघाली, मूत्रपिंडे धड असली, तर पुढचे पाऊल शस्त्रक्रियेचे. इथे पालकांचा आग्रह अनेकदा चुकतो. ‘गाठ तेवढी काढा, बाकी हात लावू नका’ असे ते कळकळीने म्हणतात. मांजरीत एकाच बाजूच्या सगळ्या ग्रंथींची ओळ काढली, तर गाठ परत येण्याचे प्रमाण कमी राहते, हे वरच्याच अभ्यासांनी दाखवले आहे. दोन्ही बाजूंना गाठी असतील, तर काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा.

एक इशारा मध्येच द्यायला हवा. गाठ दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधीही देऊ नये. मांजराचे यकृत ते औषध पचवू शकत नाही आणि अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

निदान उलट्या दिशेनेही चुकते, आणि त्या चुकीची भरपाई करता येत नाही. एक-दीड वर्षाची तरुण मांजर, माजावर येऊन गेलेली किंवा गाभण. आठवडा-दोन आठवड्यांत तिच्या बऱ्याच ग्रंथी एकदम लिंबाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या होतात. कातडी ताणून चकाकते, पोट जमिनीला टेकायला येते. पाहणाऱ्याच्या तोंडचे पाणी पळते, आणि ‘कॅन्सर आहे, आता वाचणार नाही’ असा निकाल लागतो. हा बहुधा कॅन्सर नसतो. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला ग्रंथींनी दिलेला तो अतिरेकी प्रतिसाद असतो. संप्रेरकाचा जोर उतरवणारे औषध दिले, वेळ पाहून अंडाशय काढले, की सूज ओसरते. कुठल्याही तरुण मांजरीला गाठींमुळे कायमचे झोपवण्याआधी तिचे वय आणि गाठी आल्याचा वेग हे दोन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत.

आणि तिसरा प्रश्न: माज थांबवायला तिला कुठले इंजेक्शन किंवा गोळी दिली होती का? वारंवार होणाऱ्या पिल्लांना कंटाळून काही घरांत हा सोपा मार्ग धरला जातो. ही प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे तरुण मांजरीत वरची सूज आणतात, आणि नियमित दिली तर कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट करतात, असे नेदरलँड्समधल्या अभ्यासात आढळले. मांजरीला आपण वाघाची मावशी म्हणतो. हे नाते इथेही खरे निघाले. प्राणिसंग्रहालयांतल्या मोठ्या मार्जारांना पिल्ले होऊ नयेत म्हणून याच कुळातल्या संप्रेरकाच्या कांड्या कातडीखाली बसवल्या जात. त्यांच्यात स्तनाचे कॅन्सर दिसू लागले, आणि १९९६ साली अमेरिकी पशुवैद्यांनी त्याचा या कांड्यांशी असलेला संबंध मांडला. अकोले-संगमनेरच्या उसातला बिबट्या आणि चुलीपाशी झोपलेली मनी, दोघांचे शरीर एकाच साच्यातले आहे.

या आजारावरचा उपाय मांजरीच्या लहानपणीच करायचा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासानुसार सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होतो, वर्षाच्या आत केली तर ८६ टक्क्यांनी. दुसऱ्या वर्षात केली तर फायदा अवघा ११ टक्क्यांवर येतो, आणि त्यानंतर या आजारापुरता उरत नाही. ‘एकदा पिल्ले होऊ द्या, मग बघू’ हा आपल्याकडचा मायेचा विचार मांजरीला फार महाग पडतो.

राहाता तालुक्यात सावळीविहीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयाला २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तिथे गोठ्यातल्या जनावरांसाठी जे उभे राहील ते राहीलच. तिथल्या विकृतिशास्त्र विभागाच्या खिडकीत मांजरीच्या गाठीची बाटलीही घेतली जावी आणि तिची नोंद वहीत व्हावी, ही मागणी आत्तापासून लावून धरायला हवी. पशुगणनेत नसलेल्या या प्राण्याची या जिल्ह्यातली ती पहिली मोजणी ठरेल.

तोवरचे काम घरात आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो, त्याच पानावर महिन्याची एक तारीख मांजरीसाठी राखून ठेवावी. त्या दिवशी हात फिरवावा, आणि काही लागले तर जागा आणि माप तिथेच लिहावे. दुसऱ्या दिवशी ते पान आणि मांजर दोन्ही घेऊन दवाखान्यात जावे, आणि गोळ्यांची चिठ्ठी हातात घेण्याआधी डॉक्टरांना विनंती करावी: आधी सुई घालून पाहा.